रक्ताचे दप्तर



१२ एप्रिल १९४५ या दिवशी भर दुपारी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील आपल्या निवासस्थानी कागदपत्रे पाहत बसले असता, मस्तक भयंकर दुखत असल्याचे सांगून एकाएकी कोसळले, आणि हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी लगोलग येऊन रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा तीनशेच्या पलीकडे व खालचा एकशे नव्वदावर गेलेला त्यांना आढळला. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी अध्यक्षांचे प्राणोत्क्रमण झाले. याच ब्रूनसाहेबांनी सुमारे वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये, हाच दाब १८६ आणि १०८ असा टिपून ठेवला होता. आज तालुक्याच्या गावातील डॉक्टरही ज्या आकड्याने अस्वस्थ होईल, तो आकडा जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाच्या कागदांत वर्षभर पडून होता, आणि त्यावरून पुढे काय घडेल हे खात्रीने सांगण्याचे साधन त्या काळच्या वैद्यकापाशी नव्हते. किंबहुना वय वाढते, रक्तवाहिन्या कठीण होतात, तेव्हा दाब चढणे हे स्वाभाविकच असून तो उतरविणे अपायकारक ठरेल, असे मानणारे मोठमोठे वैद्यकपंडित त्या वेळी होते.

त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आज ज्याचा दाब चढलेला दिसतो त्या माणसाचे दहा वर्षांनी काय झाले, हे कळावयास त्याच्याकडे दहा वर्षांनी पुन्हा जावे लागते; आणि तेही एकाकडे जाऊन भागत नाही, हजारोंकडे जावे लागते, त्यांत ज्यांचा दाब चढलेला नाही असेही असावे लागतात. १९४८ साली अमेरिकी सरकारने हृदयविषयक राष्ट्रीय कायदा संमत केल्यानंतर मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावी हेच काम हाती घेण्यात आले. ५,२०९ स्त्रीपुरुषांनी आपली नावे नोंदविली, दर दोन वर्षांनी ते तपासणीला येत राहिले, आणि १९६१ साली विल्यम कॅनल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा ताळेबंद मांडला, त्यात चढलेला रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयाच्या विद्युत्‌आलेखात दिसणारी डाव्या कप्प्याची स्थूलता या गोष्टी हृदयविकाराच्या आधीपासून नांदत असतात, हे आकड्यांनिशी दिसून आले. पुढे १९७१ पासून त्यांची मुले आणि २००२ पासून त्यांची नातवंडे त्याच नोंदवहीत दाखल झाली. आज कोणताही डॉक्टर रुग्णाचे वय, दाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि मधुमेह एवढे विचारून दहा वर्षांतील जोखमीचा अदमास सांगतो, तो त्या गावच्या तीन पिढ्यांच्या सौजन्यावर उभा आहे.

हे सर्व प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, हल्ली रक्ताच्या एका थेंबावरून संगणक हृदयविकाराचे भाकीत करणार अशी वृत्ते आपण वाचतो, आणि ती वाचताना यंत्राच्या बुद्धीविषयी वाटणारे कुतूहल एवढे मोठे असते की, त्या यंत्रासमोर ठेवलेले दप्तर कोणाचे, ते कोणी व किती वर्षे राखले, हा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः त्या दप्तराविषयी बोलावयाचे आहे. परंतु आधी ते यंत्र वाचते काय, हे पाहिले पाहिजे.

रक्तातील पेशी बाजूला सारल्या म्हणजे जो पिवळसर द्रव उरतो त्यात हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतील बहुतांश भाग अल्ब्युमिन नावाच्या एकट्या प्रथिनानेच व्यापलेला असून ते एका लिटरमध्ये पस्तीस ते पन्नास ग्रॅम इतके भरते. उलट दाहाची वार्ता पोचविणारे इंटरल्यूकिन-६ निरोगी माणसात इतके अत्यल्प असते की, या दोहोंच्या प्रमाणांतील अंतर लिहावयास एकावर दहा शून्ये द्यावी लागतात. या प्रथिनांपैकी काही रक्तात राहण्यासाठीच निर्माण झालेली असतात, परंतु पुष्कळशी शरीराच्या निरनिराळ्या अवयवांतून पाझरलेली असतात, आणि म्हणूनच त्यांना महत्त्व आहे. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील आकुंचनाचा कारभार पाहणारे प्रथिन. स्नायूपेशी मरू लागली की ते बाहेर सांडते, आणि छातीत दुखते म्हणून रात्री दवाखान्यात आणलेल्या माणसाला झटका आला आहे की नाही, याचा निवाडा आज त्याच्याच मोजणीवर होतो. हृदयाचा कप्पा ताणला गेला म्हणजे त्या ताणलेल्या भिंतीतून नॅट्रियुरेटिक पेप्टाइड स्रवते. रोहिणीच्या भिंतीत मेदाचा थर साचून तेथे भक्षकपेशी गोळा झाल्या म्हणजे त्या भिंतीतील लवचीक तंतू पचविणारे एमएमपी-१२ नावाचे विकर सोडतात. म्हणजे जनुके जन्मतः काय लिहून दिले आहे ते सांगतात, तर प्रथिने या आठवड्यात शरीरात प्रत्यक्ष काय चालले आहे ते सांगतात. आणि ज्या रोगात प्रारब्धाइतकाच आहार, धूम्रपान, जागरण आणि व्यवसाय यांचा हात आहे त्या रोगात हा फरक फार मोठा आहे.

एका थेंबातून हजारो प्रथिने मोजावयाची कशी, याची एक रीत स्वीडनमधील उप्साला येथे विकसित झाली, ती थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. ज्या प्रथिनाचा शोध घ्यावयाचा त्याला दोन निरनिराळ्या जागी चिकटणारी दोन प्रतिपिंडे तयार करतात, आणि प्रत्येक प्रतिपिंडाला डीएनएचा एक लहानसा धागा जोडून देतात. दोन्ही प्रतिपिंडे त्याच एका रेणूवर येऊन बसली तरच ते धागे एकमेकांजवळ येतात, जुळतात, आणि त्या जुळणीवरून डीएनएची नवी साखळी विणली जाते; एकच प्रतिपिंड चुकून दुसऱ्या कोणाला चिकटले तर साखळी होतच नाही. मग प्रथिने मोजण्याचे काम उरत नाही, साखळ्या मोजावयाच्या राहतात, आणि डीएनए मोजण्याची कला तर गेल्या काही दशकांत पराकोटीला पोचलेली आहे. दोन साक्षीदारांची एकवाक्यता झाल्यावाचून दाखला द्यावयाचा नाही, असा हा कारभार आहे. दुसऱ्या एका पद्धतीत प्रतिपिंडांऐवजी विशिष्ट आकारात मुडपलेले न्यूक्लिक आम्लाचे तुकडे वापरतात. तपशील वेगळा, हेतू तोच.

आता यंत्राच्या बुद्धीचे काम सुरू होते. पाच हजार प्रथिने मोजली, म्हणजे प्रत्येक माणसापुढे पाच हजार रकाने भरले गेले. यांपैकी कोणते रकाने भावी झटक्याशी संबंध ठेवतात, हे एकेक रकाना घेऊन तपासू लागलो आणि विसात एकदा चूक होऊ शकेल अशी रूढ कसोटी लावली, तर कशाचाही कशाशी संबंध नसतानाही अडीचशे रकाने निव्वळ योगायोगाने पात्र ठरतील. म्हणून यंत्राला अशी शिस्त लावावी लागते की, प्रत्येक नव्या रकान्यासाठी त्याने किंमत मोजावी, आणि जो रकाना आपल्या किमतीइतके ज्ञान देत नाही तो शून्यावर आणून ठेवावा. १९९६ साली रॉबर्ट टिबशिरानी यांनी मांडलेली एक गणिती रीत नेमके हेच करते, आणि या क्षेत्रातील पुष्कळशा कामाचा ती आधार आहे. त्याहून महत्त्वाची अट अशी की, ज्या माणसांच्या नोंदींवर यंत्र शिकले त्यांच्यावर त्याची परीक्षा घ्यावयाची नाही. परीक्षेसाठी दुसऱ्या गावची, यंत्राने कधी न पाहिलेली माणसे हवीत. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनांच्या रचनेवरील संगणकीय कामाला मिळाले, त्यामुळे अनेकांचा समज असा झाला आहे की हे तेच काम. ते तसे नाही. तेथे एका रेणूचा आकार ओळखावयाचा असतो, येथे एका माणसाचे भवितव्य, आणि आकार प्रयोगशाळेत पडताळून पाहता येतो, भवितव्य मात्र वाट पाहूनच पडताळावे लागते.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या दिशेने पहिले भक्कम पाऊल टाकले. सॅन फ्रान्सिस्कोतील स्थिरावलेल्या हृदयविकाराच्या ९३८ रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव घेऊन त्यात १,१३० प्रथिने मोजण्यात आली, त्यांतून यंत्राने नऊ निवडली, आणि परीक्षा झाली ती नॉर्वेतील ९७१ रुग्णांवर. निवडलेल्या नवांत ट्रोपोनिन होते, मघाशी सांगितलेले एमएमपी-१२ होते, आणि प्रतिकारशक्तीच्या यंत्रणेतील एक घटकही होता. निकाल समजून घेण्याची रीत अशी: ज्याच्यावर पुढे झटका, पक्षाघात, हृदयाची दुर्बलता वा मृत्यू यांपैकी काही ओढवले असा एक आणि ज्याच्यावर ओढवले नाही असा एक, अशी जोडी यंत्रापुढे ठेवून, धोका कोणाला अधिक हे विचारावयाचे. निव्वळ नाणे उडविले तर शंभरांत पन्नास उत्तरे बरोबर येतील. फ्रेमिंगहॅमच्या जुन्या घटकांनी नॉर्वेत शंभरांत चौसष्ट उत्तरे बरोबर आली. नऊ प्रथिनांनी सत्तर. दोन्ही एकत्र केली तेव्हा एकाहत्तर. चौसष्टावरून सत्तरावर जाणे ही उपेक्षणीय गोष्ट नव्हे. परंतु तीस उत्तरे अद्याप चुकीचीच आहेत, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मावत नाही.

मला स्वतःला या विषयाचे सामर्थ्य ज्या प्रकरणात प्रथम पटले ते निराळेच आहे, आणि त्यासाठी थोडे सविस्तर बोलण्याची अनुज्ञा असावी. शरीराला हितकर समजल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढविणारे टॉर्सेट्रॅपिब नावाचे एक औषध तयार झाले. पंधरा हजारांवर रुग्णांची मोठी चाचणी सुरू झाली. औषधाने ते कोलेस्टेरॉल बहात्तर टक्क्यांनी वाढविले आणि अहितकर कोलेस्टेरॉल पंचवीस टक्क्यांनी उतरविले. जुन्या हिशेबाप्रमाणे पाहिले तर रुग्णांचे भाग्यच उजळावयास हवे होते. प्रत्यक्षात औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक होत असल्याचे देखरेख मंडळाच्या ध्यानी आले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी तडकाफडकी थांबविण्यात आली. अंतिम गणनेत औषधाच्या बाजूला ९३ मृत्यू भरले, दुसऱ्या बाजूला ५९. दाब किंचित चढला होता, अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढले होते, पण एवढ्यावरून अरिष्टाचा अंदाज कोणी बांधला नव्हता. या चाचणीतील काही रुग्णांचे, औषध सुरू करण्यापूर्वीचे आणि सुरू केल्यावर तीन महिन्यांचे, रक्तद्रव मात्र गोठवून ठेवलेले होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्या नळ्या बाहेर काढल्या, त्यांतील प्रथिने मोजली, आणि तीच नऊ प्रथिनांची मोजपट्टी लावली, तेव्हा औषध घेणाऱ्यांची जोखीम तिसऱ्या महिन्यातच वाढल्याचे तिने दाखविले. जे सत्य कळावयास माणसांचे मृत्यू मोजावे लागले ते त्या माणसांच्या रक्तात केव्हाच उमटलेले होते, फक्त ते वाचणारा कोणी नव्हता.

पुण्यातील पेशवे दप्तराची आठवण येथे मला अपरिहार्यपणे होते. मोडी लिपीतील असंख्य कागद रुमालांत बांधून ठेवणाऱ्या कारकुनांनी धान्याचे भाव, बैलांचे भाडे, गडावरील शिबंदीचा पगार असे ज्या दिवसाचे त्या दिवशी लिहून ठेवले. उद्याचा इतिहासकार या कागदांना काय विचारणार, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, ते अशा प्रश्नांची उत्तरे देऊ लागले की जे लिहिणाऱ्यांच्या मनातही आले नसतील. उणे ऐंशी अंशांवर ठेवलेली रक्तद्रवाची नळी हा असाच कागद आहे. ब्रिटनने २००६ ते २०१० या काळात चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या पाच लाख लोकांचे रक्त घेऊन ठेवले. २०२३ मध्ये त्यांपैकी ५४,२१९ जणांच्या २,९२३ प्रथिनांचे मापन प्रसिद्ध झाले, आणि आता सहा लाख नमुन्यांत ५,४०० प्रथिने मोजण्याचे काम हाती घेतले आहे. २०२२ साली नऊ निरनिराळ्या अभ्यासांतील २२,८४९ माणसांच्या साठविलेल्या रक्तावरून, पुढील चार वर्षांत झटका, पक्षाघात, हृदयाची दुर्बलता वा मृत्यू यांचा अंदाज देणारा सत्तावीस प्रथिनांचा संच निवडण्यात आला. यांतील एकही काम आजच्या आज रक्त घेऊन करता आले नसते.

परंतु दप्तर ज्या राज्याचे, उत्तर त्याच राज्याचे मिळते. फ्रेमिंगहॅमचे मूळ रहिवासी जवळजवळ सर्व गौरवर्णीय होते. ब्रिटनच्या पाच लाखांतही शंभरांत चौऱ्याण्णव गौरवर्णीय आहेत. २००४ साली सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने असे दाखविले की नऊ साध्या घटकांवरून जगभरच्या पहिल्या झटक्यांचा बहुतांश उलगडा होतो, आणि त्या नवांत सर्वांत वजनदार होते ते अपोबी आणि अपोए-१ या दोन प्रथिनांचे परस्परप्रमाण. परंतु त्याच माहितीवरून २००७ मध्ये हेही प्रसिद्ध झाले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, तर इतरांना जवळजवळ एकोणसाठाव्या. मुले शिकत असताना, घराचे कर्ज फिटावयाचे असताना कर्ता माणूस जातो. हे सहा वर्षांचे अंतर कशाने पडते? आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक जोडछायाचित्र २००४ साली प्रसिद्ध झाले, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा प्रश्न निराळ्या रीतीने समजावून सांगावा लागणार नाही. दोघांचाही उंचीवजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. कृश दिसणारी मेदस्वी प्रकृती जन्मापासूनच कशी घडते हे डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची अपत्ये यांच्यामागे पाव शतकाहून अधिक काळ राहून दाखविले. ज्या यंत्राने नॉर्वे आणि सॅन फ्रान्सिस्कोची माणसे पाहिली त्याला ही प्रकृती परिचित नाही; तेच कोष्टक मुळशीच्या वा मिरजेच्या माणसाला लावले तर येणारा आकडा अंशतः दुसऱ्याच कोणाचा असेल, आणि तो दशांशचिन्हासह छापलेला असल्यामुळे अधिकच खरा वाटेल.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. रक्तात एखादे प्रथिन वाढलेले आढळले एवढ्यावरून ते रोगाचे कारण ठरत नाही. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन दाहात वाढते, त्यावरून धोका ओळखता येतो. परंतु जन्मतःच ज्यांच्यात ते अधिक असते अशा लोकांचा शोध घेतला असता त्यांना हृदयविकार अधिक होतो असे दिसले नाही. मूत्रपिंडे मंदावली की कित्येक प्रथिने केवळ गाळली न गेल्यामुळे साचतात. याच्या उलट पीसीएसके-९ नावाचे प्रथिन ज्यांच्यात जन्मतः निकामी असते त्यांचे अहितकर कोलेस्टेरॉल आयुष्यभर उतरलेले राहते आणि हृदयविकार त्यांच्यात विरळा आढळतो, हे २००६ मध्ये सिद्ध झाले, आणि नऊच वर्षांत त्या प्रथिनाला रोखणारी औषधे बाजारात आली. यंत्र ही दोन्ही प्रथिने एकाच रकान्याच्या योग्यतेने वाचते. कोणते धुराचे आणि कोणते अग्नीचे, हे ठरविण्याचे काम माणसाच्या विचारासाठी उरते. शिवाय आइसलँडमध्ये तेरा हजारांवर लोकांच्या सुमारे पाच हजार प्रथिनांवरून २०२३ साली जो निष्कर्ष निघाला तो असा की, वय, दाब आणि कोलेस्टेरॉल आधीच नीट मोजलेले असतील तर प्रथिनांनी पडणारी भर माफक आहे. जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले होते की, फार मोठ्या धोक्याच्या मोजक्या लोकांपेक्षा मध्यम धोक्याच्या असंख्य लोकांतूनच अधिक रुग्ण निघतात. तेव्हा मीठ, तंबाखू आणि चालण्यास मोकळा रस्ता यांची चिंता यंत्रावर सोपवून मोकळे होता येणार नाही.

तथापि म्हणून आपण या विद्येपासून दूर राहावे असे मी म्हणणार नाही. उलट, आपले दप्तर आपणच आज उघडावे असे मला कळकळीने वाटते. प्रथिने आजच मोजली पाहिजेत असे नाही. मोजणीला आज येणारा खर्च आपल्याला परवडणारा नसेल तर ती पुढच्या पिढीने करावी. परंतु १९९४ साली जे रक्त घेतले गेले नाही ते आज कोणत्याही किमतीला मिळत नाही, आणि आज घेतले नाही ते २०५५ मध्ये मिळणार नाही. त्यासाठी अखंड वीज लागते, तीस वर्षे टिकणारा निधी लागतो, कारण दोनतीन वर्षांच्या अनुदानावर चालणारे काम अनुदानाबरोबरच संपते. रक्त देणाऱ्याला त्याच्या भाषेत लिहिलेले संमतिपत्र लागते, आणि त्याच्या रक्तातील आकडा विमा कंपनीच्या वा मालकाच्या हाती जाणार नाही अशी कायदेशीर हमी लागते.

आणि या कामाचा पाया आपल्याकडे घातलेला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. आपल्या गावची आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातील दाब, मधुमेह वा हृदयविकार, एवढे विचारून गुण दिले जातात, आणि चारांपेक्षा अधिक गुण पडले तर त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलावतात. कमरेचा घेर हा त्यात मुद्दाम घातलेला आहे, कारण आपल्या लोकांचा मेद वजनकाट्यावर दिसत नाही. त्या फॉर्मच्या क्रमांकाशी बांधलेली रक्तद्रवाची एक नळी जिल्ह्याच्या ठिकाणी गोठवून ठेवावी, आणि दर दोन वर्षांनी त्याच आशाताईने त्याच उंबरठ्यावर जाऊन, घरातील माणसे कशी आहेत, कोण दवाखान्यात गेले, कोण गेले, हे लिहून आणावे. दोनचार तालुक्यांपुरतेही हे झाले, आणि ज्यांचा दाब चढलेला निघेल त्यांना त्याच दिवशी गोळ्या मिळण्याची व्यवस्था त्याला जोडली, तर यंत्राला वाचावयास द्यावे असे दप्तर आपल्यापाशी होईल, आणि ते होईपर्यंतही कोणी रिकाम्या हाताने परत जाणार नाही.